मलमाच्या जाहिरातीची चाल

९ फेब्रुवारी

भुंग्या,

हे पत्र तुझ्या लिफ्टच्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरचा पत्ता माझ्याकडे नाही, आणि हाही तुझ्या जुन्या मित्राच्या मागे लागून लागून मिळवला. ऑफिसात दुसऱ्या कुणी फोडलं तर फोडू दे, लपवण्यासारखं यात काही नाही.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. वर्ष संपता संपता आला. आहेत, घाबरू नकोस. उजवा पाय थोडा थोडा हलायला लागलाय, उजवा हात नुसता लोंबतो. आणि बोलणं गेलं.

तू यावंस म्हणून लिहीत नाही. तुला कळवलं नाही असं उद्या कुणी म्हणायला नको, एवढंच. तू तिकडे मजेत असशील. लिफ्टमध्ये हल्ली बारीक आवाजात गाणी लावतात म्हणे. तू ती आधी बंद करून मग दुरुस्तीला लागत असशील.

बोलणं गेलं म्हणजे कसं गेलं ते नीट सांगते, कारण आधी माझाच विश्वास बसला नव्हता. त्यांना सगळं समजतं. मी चिडले तर समजतं, शेजारच्या काकू खोटं कौतुक करतात तेही समजतं. पण काही सांगायला गेले की 'त... त...' एवढंच घशातून येतं. मानेने हो-नाही करावं तर तेही उलटसुलट होतं. हवं असताना मान नाही म्हणते, मग स्वतःवरच वैतागतात. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला, जिथून शब्द जुळवून तोंडापर्यंत पोचवले जातात, तिथला रक्तपुरवठा बंद झाला होता.

आता पुढचं ऐक. हॉस्पिटलात चौथ्या की पाचव्या दिवशी नर्स चादर बदलत होती. तिने कोरी चादर झटकली, आणि बाबांनी खणखणीत आवाजात, एकही अक्षर न चुकता गायलं, "शुभ्र म्हणजे शुभ्र, बाई, घासायची गरजच नाही!"

सगळा वॉर्ड हसला. पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. मी धावत जाऊन डॉक्टरांना ओढून आणलं, म्हटलं बोलले! डॉक्टर म्हणाले, बोलले नाहीत, गायले. गाणं मेंदूत एका जागी नसतं, त्याचा बराचसा भाग उजव्या बाजूला असतो, आणि ती बाजू शाबूत आहे. शब्द चालीला चिकटलेले असले की चालीबरोबर तेही बाहेर येतात. सुटे मागितले तर मिळत नाहीत.

तर आता आपल्या घरात दिवसभर जाहिराती चालू असतात. उभ्या आयुष्यात त्यांनी जाहिरातींना चाली लावून साबण, सोडा, विमा, छत्र्या, काय काय म्हणून विकलं, ते सगळं आत भरून ठेवलेलं निघालं. काकूंनी विचारलं, "कसं वाटतंय आज?" तर त्यांना विम्याची जाहिरात ऐकवली. सकाळी मी त्यांना काखेत हात घालून पलंगावरून उठवते, तेव्हा तर ते तीच धुण्याच्या पावडरची जाहिरात एवढ्या मोठ्याने म्हणतात की वरच्या मजल्यावरचे लोक उठतात. निदान सकाळी तरी माणूस खुशीत असतो, असं मी काकूंना म्हटलं.

मी अजून त्याच लॅबमध्ये आहे. कवळ्याच करते. जेवणाच्या सुट्टीत हे लिहितेय, समोर कुणाचे तरी वरचे दात मेणात बसवून ठेवलेत आणि ते माझ्याकडे बघून हसतायत. आता थांबते.

ताई


२ मार्च

भुंग्या,

तुझं उत्तर नाही. मी वाटही बघत नव्हते. तरी पोस्टमन जिन्यात आला की मान वर होतेच, त्याला काय करणार.

हॉस्पिटलने आठवड्यातून एकदा वाचाउपचारासाठी एक मुलगी पाठवायला सुरुवात केली आहे. मी तिला थेरपीबाई म्हणते, ते तिला आवडत नाही. वय फार तर सव्वीस. येते, बूट काढते, बाबांच्या अगदी समोर गुडघ्याला गुडघा लावून बसते आणि त्यांचा डावा हात हातात घेते. मग दोनच सुरांत, एक वरचा एक खालचा, एखादं साधं वाक्य गाते. "पाणी हवं." प्रत्येक अक्षराला त्यांचा हात टेबलावर हलकेच आपटते. आधी नुसतं गुणगुणायचं, मग दोघांनी मिळून म्हणायचं, मग ती हळूच गप्प होते आणि त्यांनी एकट्याने पुढे न्यायचं. असं रोज करायला लागतं. महिने लागतात. सूर हळूहळू कमी करत न्यायचा आणि शेवटी साधं बोलणं उरतं. सगळ्यांचं उरतंच असं नाही, हेही तिने सांगितलं. पहिल्या सहा महिन्यांत मेंदू जेवढं ऐकतो तेवढं पुढे ऐकत नाही, म्हणून घाई.

आठवड्यातून एक दिवस ती. उरलेले सहा दिवस मी.

हस. तुला हसायचा हक्क आहे. ज्या घरात तू दीड वर्षाचा असताना पाळण्यात सूर धरायचास, त्या घरात आता गायला मी उरले आहे. मी, जिला शाळेच्या समूहगानात बाईंनी सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव हं, बाळ." बाबा मला 'आमच्या घरचे श्रोते' म्हणायचे, प्रेमानेच म्हणायचे. मला ते श्रोतेपणही कधी जमलं नाही. तुम्ही दोघं पियानोवर बसायचात तेव्हा मला नुसती भांडी वाजल्यासारखी वाटायची, आणि मी तुमच्या तोंडांकडे बघून कुठे मान डोलवायची ते ठरवायचे.

तर मी समोर बसले, हात हातात घेतला आणि म्हटलं, "पाणी हवं." बाबांनी डोळे घट्ट मिटून घेतले. पुन्हा म्हटलं. त्यांनी हात सोडवून घेतला. शब्द गेले, पण कान पहिल्याइतकाच तिखट आहे.

थेरपीबाईने माझी परीक्षा घेतली. दोन सूर वाजवायची आणि विचारायची, वेगळे की एकच? मी प्रत्येक वेळी अंदाजपंचे ठोकलं. ती म्हणाली, काही लोकांच्या मेंदूला सूर वेगळे ओळखताच येत नाहीत. जन्मापासून असतं. कान चांगले असतात, बुद्धी चांगली असते, फक्त तेवढं एक नसतं. यात लाजण्यासारखं काही नाही. चाळिशी उलटल्यावर मला हे कळलं. ती गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि खरं सांगायचं तर ते दुःखाचं रडणं नव्हतं.

मग मी शहाणपणा केला. मला वाटलं, साधे दोन सूर माझ्याच्याने निघत नाहीत, पण जाहिराती त्यांना पाठ आहेत, शब्दांवरून मलाही पाठ आहेत. त्या चालीवर आपले शब्द बसवू. सोड्याच्या जाहिरातीवर 'पाणी हवं' बसवलं. रोज सकाळी कामावर जायच्या आधी घोटून घेतलं. तेही आले माझ्याबरोबर, सुरुवात तर छान करायचे. पण दोन पावलं गेलं की जुने शब्द उसळून वर यायचे, "फेस वर, तहान खाली, बाटली उघडा, मजा आली!" ते थांबायचा प्रयत्न करायचे आणि थांबता यायचं नाही. जाहिरात पुरी झाल्याशिवाय तोंड मिटायचंच नाही. मी म्हणायचे, पुन्हा करू. पुन्हा तेच. मी जिद्दीने दोन आठवडे हे केलं.

थेरपीबाईला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, शब्द असलेल्या चाली घ्यायच्याच नसतात, म्हणून तर साधे दोन सूर देते. आता तहान आणि ती जाहिरात यांची गाठ तुम्हीच पक्की केलीत. ते खरंच आहे. हल्ली त्यांना तहान लागली की मजा आली, मजा आली म्हणतात, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असतं.

मला कानफटात मारून घ्यावीशी वाटली. हे तुला सांगायचं नव्हतं, पण दुसऱ्या कुणाला सांगून कळणार?

ताई


३० मार्च

भुंग्या,

या वेळी काही मागायचं आहे, म्हणून आधीच सांगते. आवडलं नाही तर पत्र तिथेच ठेवून दे.

पंधरा दिवसांपूर्वी व्यायाम करून घेणारे आले होते. त्यांनी बाबांचा शर्ट उतरवून उजवा खांदा चाचपला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "यांना उठवतं कोण?" म्हटलं, मी. "काखेत हात घालून?" म्हटलं, हो. ते म्हणाले, लुळ्या हाताच्या वजनाने खांदा जागेवरून खाली उतरलाय, आणि तुम्ही तोच ओढताय. भयंकर दुखत असणार.

रोज सकाळी, भुंग्या. मी ओढायचे आणि ते पावडरची जाहिरात ओरडायचे. मला वाटायचं खुशीत आहेत. डाव्या हाताने तो खांदा धरून बसायचे, ते मला दिसायचं, पण लोंबता हात सांभाळतायत अशी माझी समजूत. माणूस वेदनेने ओरडत होता आणि तोंडातून घासायची गरजच नाही येत होतं, आणि मी वर म्हणायचे, वा वा!

उठवायची रीत आता शिकले आहे. कमरेला पट्टा बांधून उठवायचं. माझी कंबर गेली, पण ते असो. सांगायचं ते वेगळंच आहे. त्यांना बाकी काही बोलता आलं नाही तरी चालेल, पण दुखतंय एवढं म्हणता आलंच पाहिजे. उद्या पोटात काही झालं, छातीत काही झालं, तर हा माणूस छत्रीची जाहिरात गात गात जाईल आणि आम्ही शेजारी बसून ठेका धरू. थेरपीबाईलाही हे पटलं. पण तिच्या साध्या दोन सुरांवर काही बसेना. माझ्या जाहिरातींनी वाट खराब करून ठेवली होती.

मग गेल्या बुधवारी ती आपल्या वहीत काहीतरी लिहीत होती आणि बाबा खिडकीकडे तोंड करून गुणगुणत होते. ते अधूनमधून असं करतात. शब्द नाहीत, नुसतं. मी लक्ष देत नव्हते, कारण शब्द नसले की मला सगळ्या चाली सारख्याच. थेरपीबाईचा हात मात्र थांबला. म्हणाली, "ही नेहमी अशीच म्हणतात? बिनशब्दांची?" म्हटलं, हो, बहुतेक. मग ती हसली आणि म्हणाली, "अहो, ही ती मलमाची. शाळेत असताना आम्ही बाकं बडवून म्हणायचो. मान धरली, पाठ धरली, चोळून बघा, कळ सरली!"

मला तेव्हा कळलं की ही तुझी चाल आहे.

थेरपीबाईला मी सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की ही भावाने रचली होती, वीस वर्षांचा असताना, आणि मलमवाल्यांना बाबांची चाल पसंत पडेना तेव्हा बाबांनी ही त्यांना ऐकवली. न विचारता. गल्लीतली पोरं तुझी पाठ दिसली की चोळून बघा म्हणत मागे लागायची आणि तू एका सकाळी बॅग उचललीस, हे सांगितलं नाही. ते तिला काय करायचंय?

ती म्हणाली, मेंदूत ही चाल दोनदा नोंदलेली दिसते. एकदा जाहिरात म्हणून, आणि त्याच्या आधी नुसती चाल म्हणून, तुमच्या घरी ऐकून ऐकून. ते ती दुसरी म्हणतात. तिच्यावर शब्द चिकटलेले नाहीत, म्हणजे तेवढी एक जागा मोकळी आहे. मी विचारलं, दुखत असताना मलमाचे शब्द ते सहज म्हणू शकले असते, मग पावडरचे का आले? मुद्दाम टाळतात का? ती म्हणाली, मेंदूचं असं सांगता येत नाही, ताई. तिला नाही सांगता येत. मला वाटतं, टाळतात. माझं मला वाटू दे.

आता मागणं. या चालीचे तीन तुकडे पाडून तीन वाक्यं बसवायची आहेत. पाणी हवं, आत ने, आणि शेवटच्या तुकड्यावर इथं दुखतंय. थेरपीबाई एकदाच येते आणि एप्रिल संपला की तिची बदली आहे. रोज म्हणून दाखवायला बरोबर सुरातलं कुणीतरी हवं. तू एका कॅसेटवर ही तीन वाक्यं सावकाश गाऊन पाठवशील का?

आणि त्याआधी दुसरा प्रश्न. तुझी चाल वापरू का? मागच्या वेळी तुला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून मी विचारते आहे. तू नाही म्हणालास तर नाही. तुझं उत्तर येईपर्यंत मी थेरपीबाईलाही हात लावू देणार नाही, असं तिला सांगून टाकलंय. ती मला वेडी समजते.

ताई


२१ एप्रिल

भुंग्या,

कॅसेट मिळाली. सोबत चिठ्ठी असेल म्हणून पाकीट दोनदा उलटं करून झटकलं. नव्हती. ठीक आहे, कॅसेट पाठवलीस हेच उत्तर असं मी धरते.

तुझा आवाज जाड झालाय. मला सूर कळत नाहीत, पण माणूस कळतो. पहिल्यांदा एकटीनेच ऐकली, स्वयंपाकघरात, दार लावून.

आता जे झालं ते सांगते. गोड करून सांगण्याइतकी ताकद माझ्यात उरलेली नाही. बाबांसमोर टेपरेकॉर्डर ठेवला आणि लावला. तुझा आवाज आला तसा त्यांचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं, आता रडतील. पाणी हवं झालं. आत ने झालं. इथं दुखतंय अर्ध्यावर आलं आणि त्यांनी डावा हात लांब करून टेप बंद केला. काहीतरी पुटपुटले, गुणगुणल्यासारखं. मी पुन्हा लावला. पुन्हा तिथेच बंद. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. शनिवारी तर कॅसेट बाहेर काढून माझ्या मांडीवर टाकली आणि टेबलावर मूठ आपटली.

मी ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, एवढ्या वर्षांनी पोराने आवाज दिलाय आणि तुम्हाला तो पुरा ऐकवतही नाही? तोंडं पाडून बसलात की दोघंही सारखेच दिसता! काकू आल्या आणि मला बाहेर घेऊन गेल्या.

तेव्हा राग अजून आहे म्हणायचा, किंवा लाज आहे. दोन्हीचा घरात काही उपयोग नाही. तू तुझ्या बाजूने केलंस ते खूप केलंस. तुला पुन्हा त्रास देणार नाही.

लॅबमधून मला सध्या घरी बसायला सांगितलंय. एका बाईंची कवळी मी अशी बसवली की एका बाजूचे दात टेकतात आणि दुसऱ्या बाजूचे हवेत. माझ्या हातून असं कधीच झालं नव्हतं. मालक चांगले आहेत, म्हणाले, थोडी झोप काढा आणि मग या.

ताई


२७ एप्रिल

भुंग्या,

मागचं पत्र फाडून टाक. अजून मिळालं नसेल तर मिळाल्यावर न वाचता फाडून टाक. तुझ्या ऑफिसात फोन केला होता, कुणीतरी म्हणालं तू बाहेर कामावर आहेस, निरोप ठेवायचा का. पाच शब्दांत काय निरोप ठेवणार? म्हणून हे लिहिते आहे. आजच्या आज टाकते.

काल थेरपीबाईचा शेवटचा दिवस होता. बदलीच्या गडबडीत मधले दोन आठवडे ती आलीच नव्हती. तिला सगळं सांगितलं, म्हटलं कॅसेट काही त्यांना सोसत नाही. ती म्हणाली, मला बघू दे. लावली. बाबांनी नेहमीप्रमाणे शेवटाला हात लांब केला, बंद केली आणि गुणगुणले. मी मान फिरवली. आणि ही बाई हसायला लागली. बाबांच्या समोर, तोंडावर हात ठेवून.

म्हटलं, हसताय काय?

"ताई, ते नको म्हणत नाहीयेत हो. ते दुरुस्त करतायत."

तिने मला समजावलं, मला तर काही ऐकू येत नव्हतं. तुझ्या कॅसेटवर शेवटचा तुकडा वर चढतो. मलमाच्या जाहिरातीत तो तसाच चढतो, 'कळ सरली' टणकन यायला हवं म्हणून. बाबा गुणगुणतात तो शेवट वर जात नाही. तो खाली उतरतो आणि तिथेच जरा रेंगाळतो. टेप बंद करून ते दर वेळी तोच तेवढा भाग म्हणून दाखवत होते, आठवडाभर, आणि ऐकायला समोर कोण, तर मी!

मग मला आठवलं. जाण्याच्या आदल्या दिवशी तू त्यांच्यावर ओरडला होतास ते. घेतलीत ती घेतलीत, वर शेवट मोडलात, असं काहीतरी. मला तेव्हा त्याचा अर्थच लागला नव्हता. चाल ती चाल, शेवट मोडायला ती काय खुर्ची आहे? मला वाटलं, रागात माणूस काहीही बोलतो.

म्हणजे असं झालंय, भुंग्या. तुझ्याच डोक्यातून तुझा शेवट गेलाय. इतकी वर्षं ती जाहिरात दुकानात, बसमध्ये, कुणाच्या तरी खिडकीतून ऐकून ऐकून तुझ्याही नकळत तुझी चाल पुसली गेली, आणि तू मलमाची गाऊन पाठवलीस. तू रचलेली खरी चाल आता एकाच डोक्यात आहे. ज्यांनी मोडली त्यांच्या. अर्धा मेंदू गेला आणि त्यात त्यांचं नाव गेलं, माझं नाव गेलं, पाणी मागायचं गेलं. हे नाही गेलं. थेरपीबाई म्हणते, यात फार अर्थ शोधू नका, जे आधी शिरतं ते खोल बसतं. बसत असेल. मी मात्र काल त्यांच्या पायाशी बसून खूप वेळ रडले, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर डावा हात ठेवला होता.

नंतर ती त्यांच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. त्यांचा हात हातात घेतला आणि शेवट त्यांच्या पद्धतीने उतरवत म्हणाली, इथं दुखतंय. बाबांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. तिच्या ओठांकडे बघत होते. दुसऱ्यांदा तिच्याबरोबर म्हणाले. तिसऱ्यांदा ती निम्म्यावर गप्प झाली आणि ते पुढे गेले. एकटे गेले. मग आपण होऊन, कुणी न सांगता, त्यांनी डावा हात उजव्या खांद्यावर नेला आणि म्हणाले, "इथं दुखतंय."

गायले म्हण हवं तर. मला ते बोलल्यासारखंच ऐकू आलं.

थेरपीबाई म्हणाली, बघा, वर चढून कधी कुणी दुखतंय म्हणतं का? त्यांचंच बरोबर होतं.

जाताना तिने बूट घातले आणि दारात उभी राहिली. म्हणाली, आता खंड पडू देऊ नका, हातचं जाईल. समोर कुणीतरी बसायला हवं, ओठ दिसायला हवेत, सूर बरोबर हवा. कॅसेटने अर्धंच काम होतं, कॅसेटला ओठ नसतात. मग माझ्याकडे बघून जरा चाचरली आणि म्हणाली, तुमच्या घरात दुसरं कुणी आहे का?

मी म्हटलं, आहे.

आज सकाळी मी प्रयत्न केला. समोर बसले, हात घेतला, जमेल तेवढं उतरवलं. बाबांनी डोळे मिटले. मग मिटलेल्या डोळ्यांनीच हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

सोबत कॅसेट आहे, तुझीच. उलट्या बाजूला बाबांना भरलंय, आधी नुसतं गुणगुणणं आणि मग शब्दांसकट. मधे कुकरसारखा आवाज येतो तो काकूंच्या खोकल्याचा. मला दोन्ही बाजू एकसारख्याच लागतात, तेव्हा नीट भरलंय की नाही हे मला सांगता येणार नाही. तुला ऐकल्यावर कळेल. तुझी चाल आहे.

तुम्ही दोघं एकमेकांशी काय बोलणार, त्यांना बोलता येत नाही आणि तुला बोलायचं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. बोलू नका. समोरासमोर बसा, हात धरा आणि तीन वाक्यं म्हणा. पाणी हवं. आत ने. इथं दुखतंय. यापलीकडे तुमच्यात काही असेल तर ते नंतर बघू.

भुंग्या, मी दमले आहे. हे एवढंसं वाक्य म्हणायला मला पाच पत्रं लागली.

ये.

ताई